साड्यांच्या घडीखालचे पिस्तूल

घरात एक छोटेसे पिस्तूल असले की रात्री निर्धास्त झोप लागेल, असे अनेकांना वाटते. पण ते सांभाळणे, चालवणे आणि पुढच्या पिढीच्या हाती सोपवणे म्हणजे नेमके काय असते? म्हैसूरच्या गोकुलममधील एका घराने पन्नास वर्षांत घेतलेला हा अनुभव.

नवरात्रातली अष्टमीची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. म्हैसूरमध्ये या दिवसाचा थाट काही वेगळाच असतो. राजवाड्यात परंपरागत शस्त्रांची पूजा होते आणि घरोघरी स्कूटर, शिलाई मशीन, कात्री, विळी, पाना यांना हळद-कुंकू लागते. गोकुलमच्या शांत गल्ल्यांतही झेंडूचे ढीग आले होते. योग शिकायला जगभरातून आलेले पाहुणे पाठीवर चटया अडकवून शहाळी पीत कौतुकाने ते पाहत उभे होते.

आत्या पूजेसाठी एकेक वस्तू काढून पुसत होती. शेवटी तिने लाकडी कपाट उघडले आणि रेशमी साड्यांच्या घडीखालून एक मखमली पिशवी काढली.

"हे पण ठेवायचं का गं पूजेत? दरवर्षी हे ठेवायचे. यंदा तेच नाहीत."

पिशवीत तळहातावर मावेल एवढे, काळपट निळ्या पोलादाचे इंग्लिश बनावटीचे पिस्तूल होते. बोअर ०.२५. आतोबांना जाऊन अकरा महिने झाले होते. तेवढेच महिने ते साड्यांखाली तसेच पडून होते.

"आत्या, याचा परवाना कुणाच्या नावावर आहे?"

"त्यांच्याच. दुसऱ्या कुणाच्या असणार?"

घरातल्या कुणाच्याही हे ध्यानात आले नव्हते. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. आतोबा गेले त्या दिवशी परवान्याचा आधारही गेला. उभ्या आयुष्यात रेल्वेचे तिकीट न काढता एक स्टेशनही न गेलेली माझी सत्तरीची आत्या अकरा महिने विनापरवाना शस्त्र बाळगून होती.

पगाराच्या थैलीचा सोबती

आतोबांनी हे पिस्तूल हौसेने घेतलेले नव्हते. १९७० च्या दशकात ते कोडगूतल्या एका कॉफीमळ्यावर हिशेबनीस होते. आठवड्याच्या आठवड्याला मजुरांच्या पगाराची रोकड बँकेतून मळ्यावर न्यायची असे. वाट जंगलाची, रस्ता वळणावळणाचा, सोबतीला एक ड्रायव्हर. मालकांच्या सल्ल्याने त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला आणि बऱ्याच चौकश्यांनंतर तो मिळाला. मायदेशी परतणाऱ्या एका मळेवाल्याचे जुने पिस्तूल त्यांनी रीतसर विक्रेत्यामार्फत विकत घेतले.

कोडगूत बंदुकीचे कुणाला नवल नाही. ब्रिटिशांनी १८७८ च्या शस्त्र कायद्याने बहुतेक हिंदुस्थान निःशस्त्र केला, पण कोडव समाजाला त्यांनी सवलत दिली होती. स्वातंत्र्यानंतरही कोडव आणि तिथले जम्मा जमीनधारक यांना ठरावीक बंदुकांसाठी परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढवली. सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या त्यांच्या कैलपोळ्द या सणाला बंदुका फुलांनी सजवून पुजल्या जातात. तिथे बंदूक हे कुळाच्या मानाचे चिन्ह आहे. लहानपणापासून तिच्याशी कसे वागायचे हे मुले पाहतच मोठी होतात.

आपल्याकडे मात्र पिस्तूल म्हटले की आठवतो तो इतिहास. १९०९ साली लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली. त्यांतल्याच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या कोवळ्या विद्यार्थ्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. रंगमंचावर 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराच्या रचनेवर बेल्जियममध्ये तयार होणारी ही पिस्तुले कोटाच्या आत सहज लपत. म्हणूनच ती क्रांतिकारकांच्या कामाची ठरली आणि म्हणूनच सरकारला त्यांची धास्ती वाटली.

खिशात मावणाऱ्या शस्त्राची ही दोन तोंडे आजही तशीच आहेत. जे सहज लपते ते मालकाच्या सोयीचे असते, तसेच चुकीच्या हातात पडायलाही सोपे असते.

लहान म्हणजे सोपे नव्हे

"एवढंसं तर आहे, बायकांनाही सहज चालवता येईल," असे दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सांगतात. आतोबा यावर हसायचे. परवाना मिळाल्यावर ते पहिल्यांदा रेंजवर सरावाला गेले, तेव्हा दहा पावलांवरच्या पुठ्ठ्यावर त्यांनी सहा गोळ्या झाडल्या. पुठ्ठ्याला लागल्या दोन.

याचे कारण पिस्तुलाच्या बांध्यातच आहे. नळी जेमतेम दोन इंचांची. नेम धरण्याच्या पुढच्या आणि मागच्या खुणा इतक्या जवळजवळ की, हात केसभर हलला तरी दहा पावलांवर गोळी वीतभर बाजूला जाते. मूठ एवढी लहान की तीवर धड दोनच बोटे बसतात, करंगळी हवेतच. चाप कडक, पिस्तूल हलके. चाप ओढता ओढताच सगळे पिस्तूल खाली झुकते. गोळी सुटताच वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, झटक्याने मागे येतो. मूठ फार वर धरली तर अंगठ्याच्या बेचक्यात तो चांगलाच चावतो. ती खूण आतोबांच्या हातावर बरेच दिवस होती.

मोठे, जड पिस्तूल हाताळायला अवघड आणि लहान सोपे, हा समजच उलटा आहे. वजनदार पिस्तूल धक्का पचवते, हलके पिस्तूल तो हाताला देते. आणि ०.२५ बोअरची गोळी जेमतेम तीन ग्रॅमची असली तरी ती खेळण्यातली नव्हे. माणसाचा जीव घ्यायला ती पुरेशी असते.

तांदळाच्या डब्यातली गोळी

या पिस्तुलातून घरात एकदाच गोळी सुटली. ती कथा आमच्या घरात कुजबुजतच सांगितली जाई. यावेळी आत्याने ती मोकळेपणाने सांगितली.

रविवारची दुपार. आतोबा चटईवर बसून पिस्तूल साफ करणार होते. मुठीतून त्यांनी मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पट्टी, काढून बाजूला ठेवली. आता पिस्तूल रिकामे, असे समजून चाप ओढला. कानठळ्या बसवणारा आवाज झाला. गोळी स्वयंपाकघराच्या पातळ फळीच्या दारातून आरपार गेली आणि तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात घुसली. दारापासून तीन हातांवर त्यांचा सात वर्षांचा मुलगा पाढे लिहीत बसला होता.

चूक साधी होती. नवख्यांप्रमाणे जुनेजाणतेही ती करतात. रिव्हॉल्व्हरचे गोल चक्र उघडले की काडतुसे डोळ्यांना दिसतात. पिस्तुलाचे तसे नसते. मॅगझीन काढली तरी आधी नळीत चढलेले एक काडतूस तिथेच राहते. काही पिस्तुलांत मॅगझीन नसली तर चाप चालणार नाही अशी सोय असते, अनेकांत ती नसते. म्हणून पिस्तूल हातात घेताच आधी मॅगझीन काढायची, मग स्लाइड पूर्ण मागे ओढून नळीचा मागचा भाग डोळ्यांनी पाहायचा आणि बोटानेही चाचपायचा. तोवर नळीचे तोंड जिथे कुणी नाही अशाच दिशेला हवे. आणि बोट चापावर नाही, चापाबाहेर.

"मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही," आत्या म्हणाली. "पाचव्या दिवशी ते स्वतःच म्हणाले, यापुढे काडतुसं एका कुलपात, पिस्तूल दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या वेगळ्या."

त्या दिवसापासून घर सुरक्षित झाले. पण मग पिस्तुलाचा उपयोग काय राहिला?

चोर आला तेव्हा

याचे उत्तर काही वर्षांनी मिळाले. निवृत्तीनंतर आतोबा-आत्या गोकुलममध्ये राहायला आले होते. एका पावसाळी रात्री मागच्या दाराची कडी वाजली. आतोबा उठले. पिस्तूल कपाटात, काडतुसे ट्रंकेत, चष्मा खिडकीत. पहिली किल्ली सापडेपर्यंत आत्याने घरातले सगळे दिवे लावून शेजाऱ्यांच्या नावाने हाका मारायला सुरुवात केली. मागच्या अंगणात कुणीतरी धावल्याचा आवाज आला आणि सगळे शांत झाले.

"त्या रात्री पिस्तूल हातात असतं तर?" मी विचारले.

"तर त्यांनी अंधारात कुणावर झाडलं असतं, देव जाणे. समोरचा दूधवाल्याचा मुलगाही असू शकला असता."

घरातल्या पिस्तुलाचा खरा पेच हाच आहे. ते क्षणात हाती यावे असे ठेवले तर मुलांच्या, नोकरमाणसांच्या, रागाच्या भरात असलेल्या घरच्याच माणसाच्या हातीही ते क्षणात येते. सुरक्षित ठेवले तर ऐनवेळी ते मिळत नाही. अमेरिकेत डॉ. आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका बंदूक नसलेल्या घराच्या सुमारे पावणेतीन पट होता. मारणारा बहुतेक वेळा परका चोर नसून घरचा किंवा ओळखीचाच माणूस होता. तिथली आणि आपली परिस्थिती एक नाही, पण रागाच्या आणि निराशेच्या क्षणी माणूस सगळीकडे सारखाच असतो. घरात कुणी खूप खचलेले असेल, दारूच्या आहारी गेले असेल, तर शस्त्र त्या घरातून बाहेर गेलेलेच बरे.

कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. पण त्याला मर्यादा आहे. संकट टाळण्यासाठी जेवढे आवश्यक तेवढेच बळ वापरता येते. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर कोर्टात उभे तुम्हालाच राहावे लागेल.

परवाना कुणाला, कसा?

आपल्याकडे बंदुकीचा परवाना हा हक्क नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार जिल्हा दंडाधिकारी, आणि जिथे पोलीस आयुक्तालय आहे अशा म्हैसूरसारख्या शहरांत पोलीस आयुक्त, तो देतात. अर्जदाराचे वय किमान २१ हवे. पोलीस चौकशी होते. शस्त्र का हवे, जिवाला नेमका काय धोका आहे, हे पटवावे लागते. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आणि ते सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी, या दोन्ही गोष्टी २०१६ च्या नियमांनी आणल्या.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येऊ लागल्या. प्रत्येक परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात होऊन त्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो. काडतुसे किती घ्यायची हेही परवान्यावरच ठरते. निवडणुका आल्या की शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

परदेशी पिस्तुलांची खासगी आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. म्हणूनच आतोबांच्या पिस्तुलासारख्या जुन्या वस्तूंना अजून भाव येतो. ९ मिलिमीटरसारखे बोअर सामान्य नागरिकांना निषिद्ध आहेत, त्यामुळे देशी कारखान्यांचा भर ०.३२ बोअरवर राहिला. २०१२ च्या दिल्लीतील अत्याचाराच्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' हे खास स्त्रियांसाठी म्हणून हलके रिव्हॉल्व्हर आणले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. ज्या मुलीला बसने रात्री घरी यायचे असते, तिला हे परवडणार कसे, आणि पर्समध्ये तळाशी असलेले रिव्हॉल्व्हर ती काढणार कधी, असे प्रश्न तेव्हाही अनेकींनी विचारले. ते रास्तच होते.

नेमबाजीची हौस असेल तर

मग पिस्तूल चालवण्यात आनंदच नाही का? आहे, आणि भरपूर आहे. पण तो कपाटात नसून रेंजवर आहे.

कोल्हापूरच्या राही सरनोबतचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. २०१३ साली दक्षिण कोरियातील चांगवॉनच्या विश्वचषक स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले. २२ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील पालेम्बांग येथे, आशियाई स्पर्धेत, थायलंडच्या खेळाडूशी ३४ गुणांवर बरोबरी झाली. एकदा जादा फेरी झाली, तीही बरोबरीत सुटली. दुसऱ्या जादा फेरीत राहीने बाजी मारली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

या खेळात २५ मीटरवरून पाच सेंटीमीटरच्या वर्तुळात गोळी बसली तर दहा गुण. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक गोळीला फक्त तीन सेकंद मिळतात, हात खालून वर आणायचा तो त्याच वेळात. त्यासाठीचे ०.२२ बोअरचे पिस्तूल साधारण किलोभर वजनाचे, लांब नळीचे आणि हाताला नीट बसणाऱ्या मुठीचे असते. खिशातल्या पिस्तुलाशी त्याचे नाते नावापुरतेच.

एअर पिस्तूल तर याहून सोयीचे. पुण्याच्या एका रेंजवर मी स्वतः काही आठवडे ते शिकले. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, दहा मीटरचे अंतर आणि साडेअकरा मिलिमीटरचा दहाचा ठिपका. पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी छर्रा भरूच दिला नाही. नुसते उभे राहायचे, हात उचलायचा, श्वास सोडायचा, चाप हलकेच मागे घ्यायचा. आठ दिवसांनी एक छर्रा काळ्या भागात बसला तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. ठरावीक मर्यादेतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. मन शांत करायला, एकाग्रता वाढवायला आणि शस्त्राविषयी आदर शिकायला याहून चांगली शाळा नाही. घरात कुणी किशोरवयीन मूल पिस्तुलाच्या वेडाने झपाटलेले असेल, तर त्याला रागावू नका, रेंजवर घेऊन जा.

ठाण्याची पायरी

पुन्हा गोकुलमकडे. आत्याचा प्रश्न होता, आता काय करायचे?

नियम स्पष्ट आहे. परवानाधारक गेल्यावर वारसांनी विनाविलंब शस्त्र आणि काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. वारसांपैकी कुणाला ते हवे असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा, इतर वारसांची ना-हरकत जोडायची. नको असेल तर रीतसर विक्री करता येते. ठरावीक मुदतीत काहीच केले नाही तर शस्त्र सरकारजमा होते. परवानाधारक हयात असतानाच, त्याचे वय ७० झाल्यावर किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षे झाल्यावर, वारसाच्या नावे परवान्याची मागणी करता येते. आतोबांनी ते केले असते तर आत्यावर ही वेळ आली नसती. पण आपल्याकडे मृत्युपत्राचा विषयच निघत नाही, तिथे पिस्तुलाचा कसा निघणार?

पुण्यातल्या मुलाला फोन लावला. पाढे लिहीत बसलेला तोच मुलगा. आता त्याला नातवंडे होण्याचे दिवस आले. तो क्षणभरही न थांबता म्हणाला, "आई, मला नको. देऊन टाक."

"पण पोलीस काय म्हणतील? एवढे महिने घरात ठेवलं म्हणून धरतील का मला?" आत्याचा आवाज कापरा झाला होता.

ओळखीच्या वकिलांशी बोललो. परवान्याचे पुस्तक, मृत्यूचा दाखला आणि उशिराचे कारण सांगणारा अर्ज तयार केला. पिस्तूल हातात घेऊन स्कूटरवरून निघायचे नाही, आधी ठाण्यात फोन करून विचारायचे, हा त्यांचा सल्ला मोलाचा ठरला.

नवमीच्या सकाळी ठाण्यात पोहोचलो तर तिथेही आयुधपूजेची तयारी. रायफली ओळीने मांडलेल्या, त्यांना झेंडूच्या माळा, समोर कापलेला कोहळा. अंमलदारांनी कागद वाचले, पिस्तुलाचा क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहिला, काडतुसे मोजली. आत्याला बसायला खुर्ची दिली. उशीर का झाला हे विचारले, लिहून घेतले, पावती दिली. तिला ज्याची भीती वाटत होती तसे काहीच झाले नाही.

घरी आल्यावर तिने पूजा मांडली. शिलाई मशीन, कात्री, विळी आणि आतोबांचे जुने फाउंटन पेन. पावती मात्र पूजेत न ठेवता तिने कपाटात ठेवली, त्याच साड्यांच्या घडीखाली.

"आज झोप लागेल बघ," ती म्हणाली.

घरात शस्त्र असेल तर...

• परवान्याची मुदत कधी संपते ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. नूतनीकरण वेळेआधी करा.

• शस्त्र आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवा. मुलांना किल्ल्यांची जागा कळू देऊ नका.

• मॅगझीन काढली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे समजू नका. स्लाइड मागे ओढून नळी पाहा.

• रिकाम्या पिस्तुलाचीही नळी कुणाकडे रोखू नका, गमतीनेही नाही.

• परवाना आणि शस्त्र कुठे आहे, हे घरातल्या एका जबाबदार मोठ्या व्यक्तीला माहीत असू द्या. आपल्या पश्चात काय करायचे तेही लिहून ठेवा.

• घर बदलले, शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले तर लगेच पोलिसांना आणि परवाना कार्यालयाला कळवा.